नाव सोनूबाई, कमांड चेकआउट

गिट चेकआउट ही कमांड दोन कामे करते. पहिले काम एका ब्रँचवरून दुसऱ्या ब्रँचवर नेण्याचे. दुसरे, फाइलीत केलेले पण अजून कुठेही न नोंदलेले बदल पुसून फाइल होती तशी करून देण्याचे. पहिल्या कामात काही हरवत नाही. अर्धवट बदल आडवे येत असतील तर गिट वाटेतच अडवते आणि आधी त्यांची सोय लावा म्हणते. दुसऱ्या कामात सकाळपासूनची मेहनत जाते, आणि गिट आधी विचारतही नाही. एक काम खोली बदलण्याचे, दुसरे खोली धुऊन काढण्याचे, आणि दोघांना हाक मारायची ती एकाच नावाने.

गिट हे प्रोग्रामरांचे दप्तर. फाइली आज कशा आहेत एवढेच ते सांभाळत नाही. काल कशा होत्या, परवा कुणी काय बदलले आणि का बदलले असे त्याने लिहून ठेवले (खरेखोटे त्याचे तो जाणे), हे सगळे त्यात राहते. तलाठ्याकडे फेरफार नोंदतात तशी इथे बदलाची नोंद होते, तिला कमिट म्हणतात. मुख्य कामाला धक्का न लावता बाजूला काही करून पाहायचे असेल तर नोंदींना वेगळी फांदी फुटते, ती ब्रँच. हा सगळा कारभार काळ्या खिडकीत शब्द टंकून चालतो. तिथे बटणे नाहीत, चित्रे नाहीत, 'नक्की ना?' असे विचारणारी चौकटही नाही. त्यामुळे सगळी मदार शब्दावर.

शब्द कसा फसवतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. एका प्रोजेक्टमध्ये 'डॉक्स' नावाचे फोल्डर आहे. त्यातली माहितीपत्रके सुधारायला कुणीतरी ब्रँच काढली आणि नाव सुचेना म्हणून तिलाही 'डॉक्स'च म्हटले. ब्रँच आणि फोल्डर दोन्ही नांदत असतात तोवर 'गिट चेकआउट डॉक्स' म्हटले की ब्रँच बदलते, कारण गिटच्या घरी ब्रँचचा मान पहिला. शुक्रवारी काम संपते. ब्रँच मुख्य ब्रँचमध्ये मिसळली जाते आणि टापटिपीची आवड असलेला तोच माणूस ती हटवून घरी जातो. सोमवारी सकाळी तो डॉक्स फोल्डरातल्या तीन फाइलींवर तीन तास खपतो आणि जेवायला उठण्याआधी, बोटांना सवय म्हणून, 'गिट चेकआउट डॉक्स' टंकतो. त्या नावाची ब्रँच आता नाही. फोल्डर मात्र आहे. म्हणजे याला हे फोल्डर पूर्ववत हवे असणार, असे गिट ठरवते आणि एक ओळ छापते: इंडेक्समधून तीन पाथ अद्ययावत केले. 'अद्ययावत' हा शब्द वाचून कुणालाही बरेच वाटते. तीन तास गेले हे जेवून आल्यावर कळते.

गेलेले परत मिळवण्याचा गिटमध्ये मार्ग नाही. एरवी त्याची स्मरणशक्ती दांडगी. कमिट केलेली गोष्ट हटवली तरी रिफ्लॉग नावाच्या वहीत तिचा माग बरेच दिवस सापडतो. पण जे कधी सांगितलेच नव्हते ते आठवणार कुठून?

या घोटाळ्यावर गिटने एक उपाय देऊन ठेवला आहे. दोन आडव्या रेघा. 'गिट चेकआउट', मग दोन रेघा, मग 'डॉक्स' असे लिहिले तर डॉक्स ही फाइल किंवा फोल्डर समजायचे. रेघा 'डॉक्स'च्या नंतर दिल्या तर ती ब्रँच समजायची. शब्द तेच, रेघा त्याच, फक्त जागा बदलली. मराठी शाळेत 'दिन' आणि 'दीन' यांतल्या वेलांटीसाठी छडी खाल्लेल्यांना यात नवे काही वाटू नये. पण वेलांटी चुकली तर गुण जातो, दिवस जात नाही.

चेकआउट हा शब्द मुळात आला कुठून हेही पाहायला हवे. हॉटेलात चेकआउट म्हणजे किल्ली देऊन बाहेर पडणे. ऑनलाइन दुकानात त्याचा अर्थ पैसे भरणे. ग्रंथालयात पुस्तक आपल्या नावावर लिहून घरी नेणे. प्रोग्रामरांनी हा तिसरा अर्थ उचलला. १९८०च्या दशकात आरसीएस नावाचे साधन होते. त्यात फाइल बाहेर काढायची कमांड 'सीओ' आणि परत आत ठेवायची 'सीआय'. फाइल कुलूप लावून नेता येई, आणि ती परत येईपर्यंत दुसऱ्याला तिच्यात नव्या नोंदी घालता येत नसत. ग्रंथालयाची उपमा तिथे चपखल होती; एकाने कादंबरी नेली की बाकीच्यांनी थांबायचे. पुढे सीव्हीएस आणि सबव्हर्जन आले. त्यांत चेकआउट म्हणजे सर्व्हरवरून सगळा प्रोजेक्ट प्रथमच आपल्या यंत्रावर उतरवून घेणे, म्हणजे पुस्तकाऐवजी कपाटच घरी आणणे. गिटमध्ये त्या कामाला क्लोन म्हणतात आणि चेकआउट हे नाव मोकळे पडले. मोकळे पडलेले नाव वाया घालवायचे नाही, ही काटकसर प्रोग्रामरांच्या अंगी असते.

सबव्हर्जनवरून गिटकडे आलेल्यांची पंचाईत आणखी निराळी. तिथे 'रिव्हर्ट' म्हणजे फाइलीतले न नोंदलेले बदल टाकून देणे. गिटमध्ये ते काम चेकआउटकडे, आणि 'गिट रिव्हर्ट' म्हटले तर भलतेच होते: जुन्या एका कमिटचा परिणाम उलटवणारे नवे कमिट तयार होते. काहीही पुसले जात नाही. सातबाऱ्यावर जुने नाव खोडत नाहीत, कंस करतात आणि नवा फेरफार चढवतात, त्यातला हा प्रकार. पद्धत म्हणून ती उत्तमच. अडचण एवढीच, की नवखा माणूस आपल्या फाइलीतली चूक गुपचूप घालवायला जातो आणि ती चूक घालवल्याची तारीखवार नोंद दप्तरी करून बसतो.

ही नावे अशी का पडली याचे उत्तर गिटच्या जन्मपत्रिकेत आहे. लिनक्सच्या कर्नलचे काम तोवर बिटकीपर नावाच्या साधनावर चाले. २००५ साली त्याचा फुकट परवाना बंद झाला आणि लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी एप्रिल महिन्यात स्वतःचे साधन लिहायला घेतले. ७ एप्रिलला गिटचा स्वतःचाच कोड गिटमध्ये नोंदला गेला. खुद्द 'गिट' या नावाबद्दल त्यांनी सोबतच्या टिपणात लिहून ठेवले की मर्जीनुसार कोणताही अर्थ घ्यावा. एक, उच्चारता येणारी आणि दुसऱ्या कुठल्या प्रचलित युनिक्स कमांडने न वापरलेली तीन अक्षरे. दोन, मूर्ख, नालायक. इंग्रजांच्या बोलीत गिटचा अर्थ तोच. तीन, साधन चालत असेल आणि मन प्रसन्न असेल तेव्हा 'ग्लोबल इन्फर्मेशन ट्रॅकर'. चौथा अर्थ साधन मोडल्यावर वापरायचा आणि तो कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात छापता येत नाही. बारशालाच चार नावे ठेवणाऱ्या घरात पुढच्या पोरांची नावे सरळ पडतील ही अपेक्षाच चुकीची.

त्या पहिल्या नोंदीत कमांड होत्या सात. इनिट-डीबी, अपडेट-कॅश, राइट-ट्री, कमिट-ट्री, रीड-ट्री, शो-डिफ आणि कॅट-फाइल. ही नावे माणसाला काय हवे ते सांगत नाहीत. यंत्राच्या पोटात काय होते ते सांगतात. गिटची मंडळी अशा कमांडना 'प्लंबिंग' म्हणतात आणि वरच्या, रोज वापरायच्या कमांडना 'पोर्सेलिन'. उपमा सरळसरळ संडासाची: भिंतीतले पाइप ते प्लंबिंग, बसायचे भांडे ते पोर्सेलिन. घोळ झाला तो असा, की भांडे बसवणारेही प्लंबरच होते. प्लंबरच्या नजरेने पाहिले तर ब्रँच बदलणे आणि फाइल पूर्ववत करणे यांत फरक नाहीच. दोन्हींत साठवणीतला मजकूर काढून कामाच्या फोल्डरात ओतायचा असतो. पाइप तोच, तोटी तीच. मग नावे दोन कशाला? नळाखाली उभ्या असलेल्याला मात्र येणारे पाणी प्यायचे आहे की फरशी धुवायचे, याने फार फरक पडतो.

प्लंबरी नावांचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे कमिट करण्याआधीची ओसरी. कोणते बदल पुढच्या नोंदीत घ्यायचे ते आधी एका जागी मांडून ठेवतात. या जागेचे नाव काय? सुरुवातीला तिला कॅश म्हणत. मग इंडेक्स म्हणू लागले. शिकवणाऱ्यांना दोन्ही समजावता येईनात म्हणून स्टेजिंग एरिया हे नाव रूढ झाले. जुनी नावे कुणी पुसली नाहीत. त्यामुळे मांडलेल्या बदलांतला फरक पाहायचा तर 'डिफ'ला कॅश्ड असे सांगावे लागते. बऱ्याच काळाने स्टेज्ड हेही चालू लागले. फाइल तिथून काढायची तर 'आरएम'ला कॅश्डच सांगायचे. 'अप्लाय' या कमांडला कॅश्ड आणि इंडेक्स दोन्ही चालतात, आणि अर्थ वेगळे: एकाने फक्त ओसरीवर बदल होतो, दुसऱ्याने ओसरी आणि घर दोन्हीकडे. तिथे माल मांडायची कमांड 'ॲड'. तिचा अर्थ नवी फाइल जोडणे, जुन्या फाइलीतले नवे बदल मांडणे, आणि दोघांच्या बदलांत भांडण लागले असेल तर 'मिटले' असे कळवणे. गावात एकाच माणसाने पोस्टमन, पुजारी आणि पंच व्हावे तसे.

'रिसेट'बद्दल थोडक्यात. तिचे मुख्य प्रकार तीन: सॉफ्ट, मिक्स्ड आणि हार्ड. चहाच्या टपरीवर कडक मागितला तर फार तर झोप उडते. हार्ड रिसेटने न नोंदलेले काम उडते. आणि रिसेटला एखाद्या फाइलीचे नाव दिले तर ती फाइल फक्त ओसरीवरून खाली उतरते, तिच्यातला मजकूर जसाच्या तसा राहतो. तेव्हा रिसेट ही कधी सर्वांत निरुपद्रवी कमांड आहे आणि कधी सर्वांत घातक.

सगळा दोष गिटच्या माथी मारणे बरे नव्हे. त्याचे घराणेच युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचे. बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होते तेव्हा समोर पडदा नव्हता, टेलिटाइप यंत्र होते. मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापायचे आणि त्याची बटणे नेटाने दाबावी लागत. अशा यंत्रावर बसणाऱ्याने 'कॉपी'चे 'सीपी', 'मूव्ह'चे 'एमव्ही' आणि 'रिमूव्ह'चे 'आरएम' केले यात नवल नाही. काटकसर इतकी मुरली की फाइल निर्माण करणाऱ्या 'क्रिएट'चा शेवटचा ई गळाला. युनिक्स पुन्हा लिहायचे झाले तर काय बदलाल, असे विचारल्यावर तो ई लावीन, असे उत्तर युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक केन थॉम्पसन यांनी दिल्याचे सांगतात. 'ग्रेप' हे नाव एका जुन्या एडिटरमध्ये शोधून छापायला टंकायच्या अक्षरांचे कडबोळे आहे. 'किल' ही कमांड तर मारतच नाही, चालू प्रोग्रामला निरोप पोचवते. बहुतेक प्रोग्राम तो ऐकून आपणहून आवरते घेतात. तिला शून्य हा आकडा दिला तर समोरचा जिवंत आहे की नाही एवढेच पाहते. किल नावाची वैद्यबाई नाडी बघून जाते!

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ मध्ये 'डेटामेशन' मासिकात युनिक्सवर सडकून लेख लिहिला. नावांवर त्यांचा राग होताच, आणि युनिक्सच्या मौनावरही होता. काम झाले तरी गप्प, अनर्थ झाला तरी गप्प. आजचे गिट निदान 'अद्ययावत केले' म्हणते.

एका शब्दाला दोन उलटे अर्थ असणे हे भाषेला मात्र नवीन नाही. मराठीत 'दिवा लाव' म्हटले की उजेड होतो आणि 'दार लाव' म्हटले की बंद होते. 'काढणे' हे क्रियापद तर चेकआउटचे थोरले भावंड शोभेल. समाजसेवक शाळा काढतो, तेव्हा शाळा सुरू होते. हेडमास्तर पोराला शाळेतून काढतात, तेव्हा पोराची शाळा संपते. यातला घोटाळा टळतो तो 'तून' या प्रत्ययामुळे. गिटच्या दोन रेघा म्हणजे हाच प्रत्यय. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत गिटचे बोलणे मराठीतच चालते. पूल मारतात, रिबेस मारतात, कॉन्फ्लिक्ट येतो, पुश करून टाकतात. तिथे हे क्रियापद भेटतेच.

'पेमेंटची ब्रँच काढ रे.'

'काढली.'

'अरे, नवीन काय काढलीस? जुनी काढ म्हणत होतो.'

'जुनी काढू? बघ हं. निखिलचं काम आहे तिच्यात.'

'मग राहू दे.'

निखिलचे काम वाचले ते शेवटून दुसऱ्या वाक्यामुळे. माणसांच्या भाषेत शब्द कितीही दुटप्पी असला तरी समोर 'म्हणजे?' असे विचारणारे कुणीतरी असते. कमांडलाइनवर ते पद रिकामे आहे. शब्दाला दोन अर्थ असावेत, चारही असावेत. त्यातला एक अर्थ न विचारता काही नष्ट करणारा असेल तेव्हाच खटला उभा राहतो.

यावर 'सर्वांना पटेल असे योग्य नाव शोधा' हा उपाय सुचतो, आणि तो फोल आहे. जॉर्ज फर्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली याच प्रश्नावर प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला. एकाच गोष्टीला उत्स्फूर्त नाव द्यायला सांगितले तर दोन माणसे एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. म्हणजे कमांडचे नाव ठेवणाऱ्याला कितीही सोपे वाटो, दहांतल्या आठ जणांच्या मनात दुसराच शब्द असतो. नागपूरच्या भाजीवाल्याकडे 'सांबार' मागितला की कोथिंबिरीची जुडी मिळते. पुण्याहून बदलून गेलेला माणूस ती हातात धरून इडली शोधत राहतो. दोघांच्याही मराठीत खोट नाही. फर्नस यांचा सल्ला असा, की एकाच बिनचूक नावाच्या मागे न लागता एका गोष्टीला पुष्कळ नावे चालू द्यावीत. गिटने तो अर्धाच घेतला. एका जागेला तीन नावे दिली, आणि वर एका नावाला तीन कामेही दिली.

चुकीचे नाव टंकले तर गिट जवळचे नाव सुचवते हे खरे. 'कमिट'मधले एक अक्षर गाळले की अशी कमांड नाही, तुम्हाला कमिट म्हणायचे होते का, असे नम्रपणे विचारते. त्याने विचारण्यापेक्षा दुरुस्त करून कामालाच लागावे अशी सोय ऑटोकरेक्ट या सेटिंगमध्ये आहे. तिथे एक आकडा द्यायचा, म्हणजे तेवढा वेळ थांबून गिट पुढे जाते. आकडा सेकंदांचा असेल असे कुणालाही वाटावे. तो सेकंदाच्या दहाव्या भागांचा असतो. १० दिले तर एक सेकंद. चूक लक्षात येऊन हात कीबोर्डवर जाईपर्यंत काम उरकलेले असते. गोंधळ कमी करणाऱ्या सोयीतच नवा गोंधळ घालायला वेगळी प्रतिभा लागते.

चेकआउटची वाटणी शेवटी १४ वर्षांनी झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये गिटची २.२३ ही आवृत्ती आली आणि तिच्यात दोन नव्या कमांड आल्या: स्विच आणि रिस्टोअर. ब्रँच बदलणे स्विचकडे, फाइली पूर्ववत करणे रिस्टोअरकडे. स्विचला फाइलींतले कळतच नाही. वर सांगितलेल्या सोमवारी 'गिट स्विच डॉक्स' टंकले असते तर अशी ब्रँच नाही, एवढेच उत्तर मिळाले असते आणि तीन तास वाचले असते. नवी ब्रँच काढून तिच्यावर जायचे तर चेकआउटला 'बी' लावत. स्विचला 'सी' लावतात, क्रिएटचा सी. जुन्या एखाद्या कमिटवर नुसते डोकावायला गेले की चेकआउट माणसाला 'डिटॅच्ड हेड' नावाच्या अवस्थेत सोडून देई आणि मग भलामोठा खुलासा छापी. धडावेगळे डोके असा शब्दप्रयोग पडद्यावर वाचून शिकाऊ मुलांच्या पोटात गोळा येत असे. स्विच तसे होऊच देत नाही. डोके धडावेगळे हवे असेल तर 'डिटॅच' असे स्पष्ट लिहून द्यावे लागते. रिस्टोअरला 'स्टेज्ड' सांगितले की ती फक्त ओसरीवरचे उतरवते, 'सोर्स' सांगितले की कोणत्या कमिटमधून आणायचे ते कळते. 'गिट स्टेटस' ही कमांड आधी बदल टाकण्यासाठी चेकआउट आणि दोन रेघा सुचवत असे, तिनेही सल्ला बदलला.

मग जुने नाव गेले का? ते कसे जाईल? जगभरच्या पुस्तकांत, स्क्रिप्टांत आणि बोटांत ते १४ वर्षे मुरलेले होते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात आणि माहेरी त्या बाईला शेवटपर्यंत बेबीच म्हणतात. चेकआउट आजही दोन्ही कामे पूर्वीसारखीच करते. उलट नव्या सुनांवरच पहारा होता: स्विच आणि रिस्टोअरच्या माहितीपानांवर 'ही कमांड प्रायोगिक आहे, वागणे बदलू शकते' असे इंग्रजी मोठ्या अक्षरांत छापलेले होते. ऑगस्ट २०२५ मधल्या २.५१ आवृत्तीने तो शिक्का काढला. म्हणजे सहा वर्षे सुरक्षित कमांड प्रायोगिक होती आणि घातक कमांड प्रस्थापित.

शेजारच्या साधनांची कहाणी फार वेगळी नाही. डेबियन आणि उबुंटूच्या 'ॲप्ट'मध्ये 'अपडेट' म्हटल्याने एकही प्रोग्राम अपडेट होत नाही. ते म्हणजे मंडईत जाऊन भाव विचारून रिकाम्या पिशवीने परत येणे. भाजी आणायला 'अपग्रेड' म्हणावे लागते. डॉकरमध्ये 'सेव्ह' आणि 'एक्स्पोर्ट' या दोन कमांड कानाला जुळ्या वाटतात. पहिली इमेज फाइलीत भरते, दुसरी कंटेनरचे फाइलघर, आणि एकीचे भरलेले परत घ्यायला 'लोड' लागते तर दुसरीचे घ्यायला 'इम्पोर्ट'. २०१७ च्या जानेवारीत डॉकरने सगळ्या कमांड गटवार लावल्या. त्यामुळे 'पीएस'ला 'कंटेनर एलएस' असे भारदस्त नाव मिळाले, आणि लोक अजून पीएसच टंकतात. जावास्क्रिप्टवाल्यांच्या एनपीएममध्ये 'इन्स्टॉल'च्या जोडीला 'सीआय' आहे. तिचा अर्थ क्लीन इन्स्टॉल, आणि ती क्लीनपासून सुरुवात करते: आधीचे नोड मॉड्यूल्सचे फोल्डर उडवते, मग नव्याने भरते.

रिस्टोअरकडे परत यायला हवे, कारण वाटणीत तिच्या वाट्याला आलेले काम बदललेले नाही. 'गिट रिस्टोअर' आणि पुढे एक टिंब एवढे लिहिले की चालू फोल्डर आणि त्याच्या पोटातले सगळे पूर्ववत होते. न नोंदलेले बदल जातात. ती विचारत नाही, आणि झाल्यावर काही छापतही नाही. चेकआउट निदान 'तीन पाथ अद्ययावत' म्हणत असे. शब्द तर पूर्वीपेक्षा सात्त्विक. रिस्टोअर म्हणजे जीर्णोद्धार. देवळाचा करतात, जुन्या चित्रपटांचा करतात. ती बदल टाकून देते ही सूचना टर्मिनलवर भेटते ती 'गिट स्टेटस'च्या उत्तरात. तिथे ती कंसात छापलेली असते.